मातीप्रमाणे कॉइल

धातुशोधक यंत्र, ज्याला आता सर्वत्र मेटल डिटेक्टर म्हणूनच ओळखतात, ते विकत घेऊन काही महिने लोटले की बहुतेक हौशी माणसांच्या मनात एक विचार मूळ धरू लागतो, आणि तो हा की यंत्राबरोबर मिळालेल्या कॉइलच्या जागी तिच्याहून मोठी कॉइल बसविली तर आजवर हाती न आलेले, अधिक खोलवर दडलेले काही तरी खचित सापडेल. विक्रेत्यांच्या सूचिपत्रांतून ह्या समजुतीला भरपूर खतपाणी मिळत असते, आणि ज्याने चार पैसे गाठीला बांधून हा छंद आरंभिला आहे त्याला ती पटतेही लवकर. ती बहुतांशी चुकीची कशी आहे हे सांगावे आणि कोणत्या भूमीवर कोणत्या मापाची कॉइल घ्यावी ह्याचे काही निश्चित मार्गदर्शन करावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियासारख्या देशांत स्थायिक होऊन तेथील कायद्याच्या चौकटीत हा छंद करणारे मराठी वाचक माझ्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने आहेत. तथापि शेतात काम करताना बोटातली अंगठी गळून पडली म्हणून कोणाचे तरी यंत्र मागून आणणारा कोकणातला किंवा देशावरचा वाचकही मी दृष्टीआड केलेला नाही. जमिनीला विचारून कॉइल निवडावी, खोलीच्या लोभाने निवडू नये, असे माझे प्रतिपादन आहे. आणि त्याची कारणे यंत्राच्या रचनेतच आहेत.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाशी जी चपटी चकती, म्हणजेच कॉइल, असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. त्यांतल्या एका वेटोळ्यातून सतत बदलता विद्युत्प्रवाह वाहत असतो, त्यामुळे चकतीखालच्या मातीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते, त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे जे अतिक्षीण प्रतिक्षेत्र उठते ते दुसरे वेटोळे टिपून कानातल्या ध्वनीत रूपांतरित करते. वेटोळ्याच्या मध्याशी क्षेत्राची तीव्रता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह तोच ठेवला तर ६ इंची कॉइलच्या अगदी जवळचे क्षेत्र ११ इंची कॉइलच्या क्षेत्राच्या जवळजवळ दुप्पट तीव्र असते, आणि म्हणूनच वरच्या थरातली नखाएवढी चांदीची कपची किंवा सोन्याचा कण लहान कॉइलच अधिक स्पष्टपणे दाखविते. मोठ्या वेटोळ्याचे क्षेत्र जवळ दुबळे पण अधिक दूरवर टिकणारे असते, हे खरे. परंतु दूरवर म्हणजे किती? पुरेशा अंतरावर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत जाते, आणि वस्तूकडून परत येणारा प्रतिसादही तसाच घटतो; दोहोंचा मिळून परिणाम असा की खोली दुप्पट झाली म्हणजे हाती येणारा संकेत चौसष्टाव्या हिश्शावर येतो. ह्या हिशेबाने ११ इंची कॉइल काढून १५ इंची बसविली तर, अत्यंत अनुकूल गृहीतके धरली तरीही, नाण्याएवढ्या वस्तूसाठी खोलीत पडणारी भर एक पंचमांशाच्या आसपासच भरते. ज्या नाण्याचा ठाव जुन्या कॉइलने २५ सेंटिमीटरांवर लागत होता ते आता ३० सेंटिमीटरांवर लागेल, आणि तेही माती निर्दोष असेल तरच.

माती निर्दोष क्वचितच असते, आणि आसपासच्या धातूंनी शोध किती बिघडतो ह्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत करुण दाखला १८८१ सालचा आहे. त्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती देहात कोठे रुतली आहे हे शल्यवैद्यांना कळेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनी वेटोळ्यांच्या ह्याच तत्त्वावर आधारलेले एक उपकरण तातडीने सिद्ध करून रुग्णशय्येपाशी आणले. उपकरण काम करीत होते. पण गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते, त्याचा प्रतिसाद सर्वत्र उमटत राहिला, शिवाय वैद्यांनी शरीराची जी बाजू तपासू दिली त्या बाजूला गोळी नव्हतीच, आणि शोध निष्फळ ठरला. यंत्र कितीही संवेदनशील असले तरी त्याच्या कक्षेत एकाच वेळी दोन धातू आले की मोठा धातू लहानाचा आवाज गिळून टाकतो. शोधकांच्या मंडळींत ह्याला ‘मास्किंग’ म्हणतात, आणि कॉइलच्या आकाराचा खरा प्रश्न खोलीपेक्षा ह्या मास्किंगशी अधिक निगडित आहे, असे माझे ठाम मत आहे.

इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या वस्तीलगतचे नांगरलेले शेत डोळ्यांपुढे आणावे. १२७९ पूर्वी तेथे सुट्या नाण्यांची गरज पेनीचे तुकडे करून भागवीत असत. चांदीची पेनी चार भागांत कापली की तिचा एक भाग म्हणजे फार्दिंग. पूर्ण पेनी जेमतेम दीड ग्रॅमची, तेव्हा हा त्रिकोणी तुकडा ग्रॅमच्या एक तृतीयांशाच्या आसपास वजनाचा, कागदाहून थोडा जाड, आणि करड्या मातीच्या ढेकळात असला तर डोळ्यांनाही न दिसणारा. त्याच्यापासून चार बोटांवर गंजून फुगलेला एक घडीव खिळा पडला आहे. ११ इंची, म्हणजे २८ सेंटिमीटर व्यासाची कॉइल त्यांच्यावरून फिरली की दोन्ही वस्तू तिच्या खाली एकाच क्षणी येतात, खिळ्याचा लोखंडी गुरगुराट तेवढा ऐकू येतो, आणि लोखंडाचे संकेत दाबून टाकण्याची सोय चालू ठेवलेली असेल तर तोही ऐकू येत नाही. शोधक पुढे निघून जातो. तेथेच १५ सेंटिमीटरांची ६ इंची कॉइल संथपणे, जमिनीला जवळजवळ घासून, आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम अशी फिरविली तर एका दिशेने जाताना असा एक क्षण येतो की खिळा मागे राहिला आहे आणि चांदीचा तुकडा एकटा कॉइलखाली आहे. त्या क्षणी एक आखूड, तुटक, पण उंच स्वर उमटतो. तो परत परत त्याच जागी आणि त्याच दिशेने उमटला तर खणावे. जेथे खिळे, विटांचे तुकडे, भट्टीचा मळ ह्यांची दाटी असते तेथे कॉइल लहान ठेवल्याने खोलीत जे गमवावे लागते त्याच्या कितीतरी पट वेगळेपणाच्या रूपाने परत मिळते. दहा जणांनी फिरून ‘संपलेले’ म्हणून सोडून दिलेले शेत लहान कॉइल घेऊन नव्याने पाहावे, एवढा एकच सल्ला ह्या लेखातून वाचकाने उचलला तरी मला समाधान वाटेल.

आता मातीच्या स्वतःच्या स्वभावाकडे वळू. मातीत लोहखनिजांचे कण असले की तेही यंत्राला प्रतिसाद देतात, आणि कॉइल जितकी मोठी तितकी माती ती एका वेळी अधिक पाहत असल्यामुळे हा पार्श्वभूमीचा गोंगाट वाढत जातो. परिणामी खनिजयुक्त भूमीवर १५ इंची कॉइलची संवेदनशीलता इतकी खाली आणावी लागते की तिची खोली ९ इंचीपेक्षाही कमी भरते. हा मुद्दा आपल्याकडच्या वाचकाला विशेष लागू आहे. दख्खनची काळी माती ज्या बेसाल्टापासून झाली त्यात चुंबकी लोहखनिजाचा अंश असतो. कोकणातला जांभा तर लोहाच्या संयुगांनी रंगलेलाच असतो. आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे जे पट्टे दिसतात त्यांत इल्मेनाइटसारखी जड खनिजे साचलेली आहेत. इंग्लंडातल्या चुनखडीच्या सौम्य मातीवर लिहिलेले खोलीचे आकडे अशा भूमीवर जसेच्या तसे उतरतील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय. परीक्षा सोपी आहे : एक साधा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मूठभर कोरड्या मातीत फिरवावा, आणि पिशवीला काळ्या कणांची दाट मिशी लागली तर मोठ्या कॉइलचा विचार तेथेच सोडावा. शेतात हरवलेल्या अंगठीसाठी, जी नुकतीच पडली असल्यामुळे फार तर एखाद्या नांगरटीच्या खोलीवर असणार, ६ ते ९ इंचांची कॉइल आपल्या मातीत पुरेशी, किंबहुना अधिक उपकारक ठरते.

कॉइलच्या मापाबरोबर तिची रचनाही पाहावी लागते. समकेंद्री, म्हणजे कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये मोठ्या वेटोळ्याच्या आत लहान वेटोळे असते, आणि तिची पाहण्याची कक्षा खाली निमुळती होत जाते; म्हणून प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा निम्मा पट्टा पुन्हा व्यापला नाही तर खोलवरच्या वस्तू दोन फेऱ्यांच्या मधोमध सुटून जातात. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी मध्यरेषेवर एकमेकांवर किंचित चढविलेली असतात, आणि तिची संवेदनशील कक्षा पुढून मागे जाणाऱ्या एका अरुंद पात्यासारखी असते. ह्या पात्याखाली माती कमी येत असल्यामुळे खनिजयुक्त भूमीवर ती शांत राहते आणि शेजारशेजारच्या वस्तूही वेगळ्या पाडते. आज बहुतेक यंत्रांबरोबर डबल-डीच मिळते ते योग्यच आहे. लंबवर्तुळाकार कॉइल ही ह्या दोहोंहून निराळी जात नव्हे, तो केवळ आकार. तिची रुंदी कमी असल्यामुळे गव्हाच्या कापलेल्या धाटांमधून ती सहज सरकते, मात्र खोलीच्या बाबतीत तिच्या लांबीवर भरवसा न ठेवता तिची रुंदी हेच तिचे माप समजावे.

खोली हवीच कशाला, हा प्रश्न इंग्लंडातल्या शोधकाने स्वतःला अवश्य विचारावा. नांगराने उलथापालथ झालेला थर तेथे साधारणतः २० ते ३० सेंटिमीटरांचा असतो, आणि इंग्लंड व वेल्ससाठी जी जबाबदार धातुशोधनाची आचारसंहिता तयार झाली आहे तिचा स्पष्ट निर्देश असा की शोधकाने ह्याच थरात काम करावे. त्याखालचा अबाधित थर हा पुरातत्त्वाचा दस्तऐवज आहे, आणि त्यातून वस्तू उपसून काढली की त्या दस्तऐवजाचे पान फाटते. ११ इंची कॉइल हा थर बहुतांशी पाहू शकते. तेव्हा ज्याच्या शोधाची मर्यादा नांगराने आधीच आखून दिली आहे त्याने १५ इंची कॉइलवर खर्च करून मिळवायचे ते काय?

मोठा ठेवा सापडण्यासाठीही मोठी कॉइल लागते असे नाही, कारण वस्तूचा आकार वाढला की तिचा संकेत आपोआपच बळावतो. १९९२ च्या नोव्हेंबरात सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधीत असता त्यांना रोमन काळातला सोन्याचांदीचा ठेवा लागला. काही नाणी व चमचे वर येताच त्यांनी हात थांबविला, वर्दी दिली, आणि उरलेले उत्खनन पुरातत्त्वज्ञांनी केले. म्हणून तर तो ठेवा लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता हे आज सांगता येते. पंधरा हजारांच्या आसपास नाणी आणि त्यांच्याबरोबर तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रही आहे. ज्या माणसाने खणणे थांबविले त्याचे नाव ह्या छंदाच्या इतिहासात आदराने घेतले जाते, आणि ते रास्तच आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही येथे उरकतो, कारण कॉइल विकत घेण्यापूर्वीच तो ठाऊक असणे जरूर आहे. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडात १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे आणि त्यात बसणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावे लागते. जमीनमालकाची परवानगी, शक्यतो लेखी, आधी घ्यावी लागते. आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत यंत्र वापरण्यास खास अनुज्ञा लागते. इंग्लंड व वेल्समध्ये इतर वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे स्वेच्छेने करता येते, ती प्रत्येकाने करावी. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात परवान्याशिवाय पुरावशेषांसाठी यंत्र वापरणे हाच गुन्हा आहे. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अद्याप अंमलात असून दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, स्थळ व तारीख ह्यांचा लेखी तपशील जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर करणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि न केल्यास कैदेची शिक्षा होऊ शकते. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग ह्यांसारखी केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्थळे तर ह्या छंदासाठी सर्वस्वी वर्ज्य होत. २०२५ च्या मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत मोगली सोन्याच्या आशेने रात्री बॅटऱ्यांच्या उजेडात खणाखणी झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मनाला फार यातना झाल्या. आपल्या गडांच्या परिसरातल्या मातीचे शास्त्रीय वाचन अजून बरेच व्हावयाचे आहे, आणि ती एकदा विस्कटली की पुन्हा वाचता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या वाचकाची गोष्ट थोडी निराळी. व्हिक्टोरिया प्रांताच्या सुवर्णक्षेत्रांत शोध सोन्याच्या नैसर्गिक गोळ्यांचा असतो, तेथे मायनर्स राइट नावाचा परवाना काढावा लागतो, आणि भूमी लोहखनिजांनी इतकी भारलेली असते की पल्स इंडक्शन पद्धतीची यंत्रे व एकच वेटोळे असलेल्या मोनो कॉइल तेथे अधिक चालतात. १९८० साली किंगोवर गावाजवळ सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोग्रॅमांहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा जमिनीखाली अवघ्या फूटभर खोलीवर होता; अशा वस्तूला कोणतीही कॉइल पुरते. परंतु नित्य हाती येणारे सोने ग्रॅमच्या भागांत मोजावे लागते, आणि त्यासाठी ८ ते ११ इंची कॉइल हीच सोबतीण. जेथे मातीचा थर जाड, कचरा विरळ आणि जुन्या खाणकऱ्यांनी मोठे गोळे काढल्याची नोंद असेल तेथेच १५ ते १८ इंची कॉइलचे श्रम सार्थकी लागतात. मोठ्या कॉइलची दुसरी न्याय्य जागा म्हणजे समुद्रकिनाऱ्याची कोरडी वाळू आणि विस्तीर्ण, स्वच्छ कुरणे, कारण तेथे खोलीपेक्षाही एका फेरीत अधिक रुंद पट्टा पाहून होतो हा तिचा लाभ असतो. ओल्या वाळूवर मात्र खारे पाणी स्वतःच विद्युद्वाहक असल्यामुळे मोठी कॉइल अस्वस्थ होते, आणि गुडघाभर पाण्यात तर ती ओढताना लाटेशी झुंज करावी लागते.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. कॉइल दांड्याच्या दूरच्या टोकाशी असल्यामुळे तिच्यात वाढलेले प्रत्येक शंभर ग्रॅम वजन कोपराला आणि खांद्याला कितीतरी अधिक जाणवते. हात थकला की कॉइल फेरीच्या दोन्ही टोकांशी वर उचलली जाते, आणि जमिनीपासून पाच सेंटिमीटर वर गेलेल्या मोठ्या कॉइलने आपली सारी वरकड खोली हवेत घालविलेली असते. विजेच्या उच्चदाब तारांखालीही मोठे वेटोळे अधिक उपद्रव पकडते. शिवाय कॉइल त्या त्या यंत्रासाठी जुळविलेली असते. एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला, किंबहुना एकाच कंपनीच्या दोन निरनिराळ्या यंत्रांनाही, चालेलच असे नाही. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी निर्मात्याची यादी पाहावी, आणि जुनी कॉइल घेत असल्यास केबलला मुळाशी हलवून पाहावे. तेवढ्याने खरखर उमटली तर ती घेऊ नये.

एकच कॉइल बाळगावयाची असेल तर ९ ते ११ इंची डबल-डी घ्यावी. दुसरी घेण्याची ऐपत व इच्छा असेल तर ती ५ ते ६ इंची असावी, मोठी नव्हे. माइनलॅबच्या इक्विनॉक्ससारख्या यंत्रासाठी ११ इंचीच्या जोडीला ६ इंची आणि १५ बाय १२ इंची अशा दोन्ही मिळतात, आणि त्यांतून निवड करताना मी निःसंकोचपणे ६ इंचीकडे बोट दाखवीन. कॉइल बदलल्यावर यंत्राचे भूमिसंतुलन, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, नव्याने करावे, केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी, आणि कॉइलचे आवरण अधूनमधून काढून आत साचलेली माती झटकावी, कारण काळी वाळू त्या फटीत अडकली की खोटे संकेत देत राहते. कोणती कॉइल अधिक उपयोगी ह्याचा निवाडा हवेत नाणे धरून करू नये. शेतातच, अस्पष्ट संकेत लागला की तेथे न खणता एक खूण रोवावी. अशा पाच-सहा खुणा झाल्या की कॉइल बदलून प्रत्येक जागा पुन्हा ऐकावी, काय ऐकू आले ते वहीत टिपावे, आणि मगच खणून वस्तू कोणती, किती खोल आणि शेजारी लोखंड होते की नाही ह्याची नोंद त्या टिपणापुढे करावी. ह्या नोंदी पुरेशा साठेपर्यंत तिसऱ्या कॉइलचे पैसे बाजूला राखून ठेवावेत.